युद्धातलं काम आणि बायकांचं मत



इतिहासाच्या पेपरात ‘कारणे द्या’ असायचं, आठवतं ना? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या बायकांनी कारखाने चालवले, म्हणून 1918 मध्ये त्यांना मत मिळालं, असं एका ओळीत उत्तर देता येतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात मात्र आधी अट वाचायची सवय लागते. त्या कायद्यातली अट होती वय 30 पूर्ण, शिवाय घर-मालमत्तेची. तोफगोळ्यांत दारू भरून कातडी पिवळी पडलेल्या पोरी बऱ्याचशा विशी-पंचविशीतल्या. त्या बाहेरच राहिल्या, थेट 1928 पर्यंत.

आपल्याकडे रमाबाई रानडे आणि इतर जणींच्या खटपटीने मुंबई इलाख्यात 1921 मध्ये बायकांना कौन्सिलसाठी मत मिळालं. पण पुरुषांसारखीच मालमत्तेची अट. सोलापूरच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायकांकडे कुठली आली मालमत्ता?

दुसऱ्या महायुद्धात कापडाला मागणी वाढली, तेव्हा माझी आजी जुन्या मिलमध्ये सूत गुंडाळायची. त्या कामाबद्दल तिला कुणी मत दिलं नाही. ते दिलं राज्यघटनेने, मालमत्तेची अटच काढून. वय 21 एवढंच ठेवलं. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना देशातल्या सुमारे 28 लाख बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, ‘अमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. त्या यादीतून वगळल्या गेल्या. आजीने दारात आलेल्या माणसाला आपलं नाव ठणकावून सांगितलं होतं. सासूबाई म्हणे आठवडाभर बोलल्या नाहीत!