बुध वक्री झाला म्हणजे?



पंचांगात ‘बुध वक्री’ असं दिसलं, की काही जण करार पुढे ढकलतात.
कुणी नवा मोबाईल घ्यायचं टाळतं.

वक्री म्हणजे उलटा जाणारा. मग बुध खरोखर मागे फिरतो का?
नाही. तो मागे जाताना फक्त दिसतो.

बुध ८८ दिवसांत सूर्याभोवती फेरी मारतो.
पृथ्वीला वर्ष लागतं.
आतल्या कक्षेतून बुध पृथ्वीला ओलांडून जातो.
तेव्हा तो ताऱ्यांमध्ये उलटा सरकल्यासारखा वाटतो.
वर्षातून तीन-चार वेळा, सुमारे तीन आठवडे.
मग तो मार्गी होतो, म्हणजे पुन्हा पुढे सरकताना दिसतो.

ज्योतिषात बुध वाणीचा, बुद्धीचा आणि व्यापाराचा कारक.
म्हणून तो वक्री असताना व्यवहार जपून करा, असं सांगतात.

आता गंमत ऐका.
आपल्याकडच्या ज्योतिषात वक्री ग्रहाला चेष्टाबल मिळतं.
म्हणजे त्याला बलवान मानतात!
सध्याची धास्ती बरीचशी पाश्चात्त्य राशिभविष्यांतून आलेली आहे.

आणि बुधामुळे कामं बिघडतात, याला शास्त्रीय पुरावा नाही.

पुन्हा सांगते, बुध मागे जात नाही. तसा दिसतो.
कागद वाचूनच सही करा, पण ते बाराही महिने.
आणि ठरलेलं काम केवळ बुधासाठी अडवू नका.