मृत्युपत्र, वाटणी आणि आपण भावंडे

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितले, "आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू काहीतरी उपयोगाचे बोल." आता दिवाणी न्यायालयात वकिली करणारा माणूस उपयोगाचे म्हणून काय बोलणार? मृत्युपत्र आणि वाटणी! पण विषय अगदीच अस्थानी नाही. आपण सगळे साठीच्या आसपास आहोत. काहींचे आईवडील नव्वदीला टेकले आहेत आणि आपली मुले संसाराला लागली आहेत. कुणाच्या तरी मृत्युपत्रात आपले नाव असणार किंवा नसणार, आणि आपले स्वतःचे मृत्युपत्र बहुतेकांनी अजून लिहिलेले नाही.

माझ्याकडे येणारा पक्षकार खुर्चीत बसल्याबसल्या एक वाक्य हमखास बोलतो, "साहेब, हे मृत्युपत्र अन्यायाचे आहे." मी विचारतो, "अन्यायाचे आहे, की खोटे आहे?" माणूस गडबडतो. त्याच्या मनात दोन्ही एकच असते. कायद्यात ते एक नाही, आणि आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

आपल्या देशात हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख माणूस स्वतःच्या मालकीची मिळकत मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देऊ शकतो. सगळी धाकट्या मुलाला देईल, नाहीतर सांभाळणाऱ्या पुतणीला देईल. वाटणी समान नाही एवढ्याच कारणावरून न्यायालय मृत्युपत्र रद्द करत नाही. न्यायालय एवढेच विचारते, की हे खरोखर त्या माणसाचे आहे का आणि त्याने ते समजून, मोकळ्या मनाने केले का. म्हणून भांडायला निघण्यापूर्वी आपले म्हणणे पुढच्यापैकी कोणत्या मुद्द्यात बसते ते पाहावे.

पहिला मुद्दा मालकीचा. जे आपले नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वडिलांचा जेवढा हिस्सा, तेवढ्याचेच मृत्युपत्र ते करू शकतात. मात्र इथे एक मोठा गैरसमज आहे. "आजोबांची जमीन, म्हणजे वडिलोपार्जित, म्हणजे माझा जन्मतः हक्क" असे आपण सरसकट म्हणतो. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन, ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मृत्युपत्र न करता वारले आणि ती वडिलांना वारसाने मिळाली, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केले. त्यामुळे नुसता आजचा सातबारा घेऊन वकिलाकडे जाऊ नका. जुने फेरफार काढा आणि जमीन कुणाकडून, कोणत्या साली, कशी आली ते आधी पाहा. अर्धे खटले याच कागदांवर ठरतात.

दुसरा मुद्दा सही आणि साक्षीदारांचा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा "ही माझी सही" असे करणाऱ्याने त्यांना स्वतः सांगितलेले असावे, आणि त्यांनी त्याच्या समोर सही केलेली असावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. आतला मजकूर त्यांना माहीत असण्याचीही गरज नाही. पुढे वाद झाला तर यातला एक तरी साक्षीदार, हयात असेल तर, न्यायालयात तपासावा लागतो. आपले वडील साक्षीला कुणाला बोलावतात? कट्ट्यावरच्या ऐंशीच्या मित्रांना! वाद उभा राहीपर्यंत दोघेही गेलेले असतात आणि मग हस्ताक्षर सिद्ध करण्यासाठी धावाधाव होते. साक्षीदार वयाने लहान, सहज सापडणारे आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारे असावेत. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही.

तिसरा मुद्दा मनःस्थितीचा. नव्वदीचा माणूस, अर्धांगाचा झटका आलेला माणूस मृत्युपत्र करू शकतो. प्रश्न एवढाच, की सही करताना आपण काय करतो आहोत ते त्याला कळत होते का. त्याच आठवड्यातले दवाखान्याचे कागद इथे बोलतात. "बाबांना विसरायला होत होते" एवढे मोघम विधान उलटतपासणीत टिकत नाही.

चौथा मुद्दा फसवणूक, जबरदस्ती किंवा माणसाला स्वतंत्र निर्णय घेणेच अशक्य व्हावे असा पिच्छा. कलम ६१ प्रमाणे असे मृत्युपत्र, किंवा त्याचा तेवढा भाग, रद्दबातल ठरतो. पण सेवा केली, लाडीगोडी लावली, म्हणजे दबाव आणला असे होत नाही. आणि असा आरोप करणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो.

पाचवा मुद्दा, आणि व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा, संशयास्पद परिस्थितीचा. १९५८ साली वेंकटचल अय्यंगार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल आजही प्रत्येक खटल्यात वाचला जातो. तो लिहिणारे न्यायमूर्ती आपल्या साताऱ्याचे, प्र. बा. गजेंद्रगडकर. त्याचा आशय असा, की मृत्युपत्र करणारा माणूस सांगायला येऊ शकत नाही. म्हणून ते पुढे आणणाऱ्याने न्यायालयाच्या मनातली प्रत्येक रास्त शंका दूर करायची. थरथरती सही, मजकुरात आणि सहीत विचित्र अंतर, ज्याला सगळे मिळते त्यानेच वकील आणलेला, बायकोचा किंवा लेकीचा उल्लेखही नाही, कागद वर्षानुवर्षे दडवलेला, अशा या शंका असतात. असमान वाटणी एकटी पुरेशी नाही असे मी म्हणालो, पण ती अशा गोष्टींच्या जोडीला आली की वजनदार होते.

"पण ते रजिस्टर्ड आहे!" हेही नेहमी ऐकू येते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि त्याला मुद्रांक शुल्कही लागत नाही. नोंदणी केलेली चांगली, कारण कागद सुरक्षित राहतो आणि तारखेचा वाद मिटतो. पण नोंदणी झाली म्हणून संशय आपोआप धुऊन निघत नाही. तीच गोष्ट नॉमिनीची. बँकेत किंवा शेअरवर नॉमिनी म्हणून नाव असणे म्हणजे मालक होणे नव्हे. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. आणि तलाठ्याकडचा फेरफार हा महसुलापुरता असतो. त्याने मालकी मिळत नाही, आणि नाव चढले नाही म्हणून मालकी जातही नाही.

आता माझ्या वर्गातल्या मैत्रिणींसाठी थोडे वेगळे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरले. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटणीचा किंवा विक्रीचा.

तरीही दिवाळीत भाऊबीजेला बहीण माहेरी येते आणि ओवाळणीच्या पाठोपाठ हक्कसोडपत्राचा कागद येतो. "नुसती सही कर, एक औपचारिकता आहे." ती औपचारिकता नाही. दुय्यम निबंधकासमोर केलेल्या त्या सहीने हक्क कायमचा जातो, आणि नंतर "मला वाचून दाखवले नाही" हे सिद्ध करणे फार कठीण असते. राजीखुशीने सोडायचा तर जरूर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण आधी काय सोडतो आहोत त्याची यादी मागा आणि कागद घरी नेऊन वाचा. आणि भावांनो, बहिणीने हिस्सा मागितला म्हणजे माहेर तोडले, असे समजू नका. ती कायद्याने तिचे आहे तेच मागते आहे.

वाद उभा राहिलाच तर काय करावे? थांबू नका. फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. समोरचा प्रोबेटला जाणार असे वाटले तर न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय आदेश होणार नाही. मिळकत विकली जाण्याची भीती असेल तर वाटणीच्या दाव्यातच मनाई हुकूम मागा. दाव्यांना मुदत असते, ती काही बाबतींत तीनच वर्षांची आहे.

आणि दावा लावला तरी तडजोडीचे दार बंद करू नका. कौटुंबिक व्यवस्थापत्राला न्यायालये आदराने वागवतात. १९७६ च्या काळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घरातली भांडणे मिटवणारी प्रामाणिक व्यवस्था शक्यतो टिकवावी. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि त्यावर अपीलही नसते. वाटणीचे दावे एका पिढीने लावायचे आणि दुसरीने वारस म्हणून नावे लावून पुढे चालवायचे, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की चार आणे कमी घेऊन मिटवलेल्या तडजोडीला मी हार मानत नाही.

शेवटी आपले स्वतःचे मृत्युपत्र. साध्या मराठीत लिहा. आपण जे बोलतो त्याच भाषेत लिहिले, की ते आपले वाटते. मिळकतीचे गट क्रमांक, खाते क्रमांक द्या. कुणाला कमी देत असाल तर त्याचे नाव घेऊन कारण लिहा: "थोरल्याला घर घेताना मदत केली आहे, म्हणून." न्यायालयाच्या मनातल्या शंकेचे उत्तर तुमच्याच शब्दांत मिळू द्या. प्रत्येक पानावर सही करा. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नंतर पेनाने खाडाखोड करू नका, नवे मृत्युपत्र करा. ते कुठे ठेवले आहे हे दोघांना तरी माहीत असू द्या.

आपल्यातले जे गोव्यात स्थायिक झाले आहेत त्यांनी लक्षात ठेवावे, की तिथे पोर्तुगीज परंपरेच्या कायद्याने मुलांसाठी अर्धी मिळकत राखीव असते. मुस्लिम मित्रांना साधारणपणे एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते. त्यांनी त्याप्रमाणे सल्ला घ्यावा.

मला सर्वांत जास्त एकच गोष्ट सांगावीशी वाटते. जे लिहिले आहे ते हयातीत मुलांना सांगा. एक संध्याकाळ घरात रुसवेफुगवे होतील. होऊ द्या. तुम्ही समोर असता तेव्हा मुले तुमच्याशी भांडतील. तुमच्या पश्चात ती एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण मिटवायला तुम्ही नसता.

जेवणाची वेळ झाली आहे, तेव्हा इथेच थांबतो. सल्ला हवा असेल तर पंगतीत जरूर विचारा. आज फी नाही.