कसं केलंस, ते सांग

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. भाषा, इतिहास वगैरे ठीक आहे, पण गणिताचं काय करता? प्रश्न रास्त आहे. गणितात मागचं कच्चं राहिलं की पुढचं अडतं. त्यात घरात लहानमोठी मुलं असली की प्रत्येकाचं अडलेलं ठिकाण वेगळं. आमच्याकडे थोरली १४ वर्षांची, मधला १० वर्षांचा आणि धाकटी ७ वर्षांची. एकीला समीकरणं, दुसऱ्याला अपूर्णांक, तिसरीला बेरीज-वजाबाकी. तिघांना एकाच वेळी शिकवताना आम्ही खान अकॅडमी या ऑनलाइन साधनाची मदत घेतो. त्याचा उपयोग कुठवर होतो आणि कुठून पुढे आपल्यालाच बसावं लागतं, हे मला आज सांगायचं आहे.

या उपक्रमाचा जन्मही घरातल्या शिकवणीतूनच झाला. २००४ मध्ये अमेरिकेत सलमान ऊर्फ साल खान हे आर्थिक क्षेत्रात नोकरी करत होते. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या, नात्यातल्या एका लहान बहिणीला गणित अवघड जात होतं. मापांचं रूपांतर तिला जमेना. खान यांनी तिला फोनवरून आणि संगणकावरून शिकवायला सुरुवात केली. मग नात्यातली आणखी मुलं आली. २००६ पासून ते धडे यूट्यूबवर ठेवू लागले आणि २००८ मध्ये ना-नफा तत्त्वावरची संस्था उभी राहिली. आजही तिथले धडे आणि सराव विनामूल्य आहेत.

एक धडा पक्का झाला की मगच पुढचा, हा त्यामागचा विचार मात्र जुना आहे. शिकागो विद्यापीठातले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी तो १९६८ मध्ये मांडला. वर्गात प्रत्येक धड्याला ठरावीक वेळ मिळतो. त्या वेळात कुणाला पूर्ण समजतं, कुणाला अर्धं, आणि वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो. ब्लूम यांचं म्हणणं असं की, समज पक्की व्हायलाच हवी. वेळ कुणाला कमी लागो, कुणाला जास्त. घरी हे सहज जमतं, कारण घराला वेळापत्रकाची घंटा नसते.

याचा सर्वात मोठा फायदा आमच्या थोरलीला झाला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे, म्हणजे एनआयओएसतर्फे, १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना दहावीची परीक्षा देता येते. ती त्या तयारीत आहे. क्ष छेद ३ अधिक क्ष छेद ४ बरोबर ७, अशा समीकरणापाशी ती थबकायची. बीजगणित तिला कळत होतं. अपूर्णांकांचे छेद समान करणं कच्चं होतं. ती सरळ सहावीच्या अपूर्णांकांवर गेली, तिथला सराव पुरा केला आणि मग परत आली. सगळ्याला १२ ने गुणलं, ४ क्ष अधिक ३ क्ष बरोबर ८४, म्हणून क्ष बरोबर १२. चौदाव्या वर्षी सहावीचं गणित करताना तिला कमीपणा वाटला नाही, कारण तिथे कुणी हसणारं नव्हतं. इयत्तेचा आकडा मध्ये आला नाही की मूल हवं तेवढं मागे जातं आणि पक्कं होऊन पुढे येतं.

आता दुसरी बाजू. अशा कुठल्याही साधनाला दिसतं ते मुलानं लिहिलेलं उत्तर. त्यामागे मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं, ते बऱ्याचदा दिसत नाही. आमची धाकटी तीन अंकी वजाबाक्या करत होती. ५०३ वजा २७८. तिचं उत्तर ३७५. पडद्यानं चूक दाखवली. पुढचंही चुकलं, त्याच्या पुढचंही. मी तिला म्हटलं, "कसं केलंस, ते सांग." ती म्हणाली, "तीनातून आठ जात नाहीत ना, म्हणून मी आठातून तीन घेतले." प्रत्येक घरात तिनं मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. चुका तीन दिसत होत्या, विचार एकच होता. मग खेळातल्या नोटा काढल्या. पाचशेतली एक शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या, त्यातली एक मोडून दहा रुपये सुटे केले. तीनाचे तेरा झाले. तेरातून आठ गेले, पाच उरले. उत्तर २२५. हातचा म्हणजे मोडलेली नोट, हे तिच्या हाताला कळलं आणि वजाबाकी सुटली.

याहून फसवं असतं ते बरोबर आलेलं उत्तर. मधल्यानं १६ छेद ६४ ला संक्षिप्त रूप दिलं, १ छेद ४. अगदी बरोबर. मी त्यालाही तेच विचारलं, "कसं केलंस?" तो म्हणाला, "वरचा सहा आणि खालचा सहा खोडला." उत्तर बरोबर, रीत साफ चूक. शेजारी बसलेल्या आजीनं लगेच म्हटलं, "अरे, सोळा चोक चौसष्ट, म्हणून पाव." आमच्या सासूबाईंच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे मुखोद्गत; त्यांना छेद दिसायच्या आधी पाव दिसतो. मग मी त्याला १२ छेद २४ दिलं. त्यानं दोन खोडून पुन्हा १ छेद ४ लिहिलं. पण बारा तर चोवीसच्या निम्मे! तो स्वतःच थांबला आणि आपली रीत टाकून दिली. नुसतं उत्तर तपासलं असतं, तर ती चुकीची रीत शाबासकी घेऊन पुढे गेली असती.

म्हणून माझं मत पक्कं झालं आहे. सराव पडद्यावर करावा, विचार टेबलावर मांडावा. पडद्यावर मिळणारे गुण आणि पदकं यांच्या मागे लागून मूल सोपीच गणितं पुन्हा पुन्हा करू लागलं, तर ते लक्षात येण्यासाठीही कुणीतरी शेजारी असावं लागतं.

आणखी एक गोष्ट. अशा साधनानं तिघांना तीन पडदे मिळतात आणि तिघं तीन दिशांना बसतात. आपल्या घराचं बळ तर ती एकत्र असण्यात आहे. त्यासाठी देवळालीच्या द. रा. कापरेकर गुरुजींकडे जावं. नाशिकजवळच्या या शाळामास्तरांनी आयुष्यभर संख्यांशी मैत्री केली. १९४९ मध्ये त्यांनी जगापुढे आणलेली ६१७४ ही संख्या आज कापरेकर स्थिरांक म्हणून जगभर ओळखली जाते. चार अंकी कुठलीही संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

आम्ही ३५२४ घेतली. अंकांचा क्रम लावण्याचं काम धाकटीचं, वजाबाकी मधल्याची. ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. थोरलीनं विचारलं, प्रत्येक उत्तराला ९ ने भाग कसा जातो? अंकांच्या जागी तिनं अक्षरं घातली आणि वजाबाकी केली. हाती आली ती ९९९ ची पट आणि ९० ची पट यांची बेरीज. दोन्हींना ९ ने भाग जातो, म्हणजे बेरजेलाही जाणारच. कोडं एक, वयं तीन, आणि प्रत्येकाला आपापल्या ताकदीचं काम.

श्रोतेहो, हा विषय घरी शिकणाऱ्या थोड्या मुलांपुरता नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. म्हणजे वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांत दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात. आमच्या टेबलावरची अडचण तिथे रोजचीच आहे. तिथे चांगलं ऑनलाइन साधन आलं, तर एका गटाचा सराव पडद्यावर होईल आणि शिक्षकांना दुसऱ्या गटाशी बोलायला वेळ मिळेल. वाचलेला तो वेळ बोलण्यासाठीच राखून ठेवला, तरच साधनाचा उपयोग.

तुमची मुलं शाळेत जात असोत वा घरी शिकत असोत, माझी एवढीच विनंती आहे. त्यांच्या हाती फोन किंवा टॅब देऊन उठून जाऊ नका. थोडा वेळ शेजारी बसा. उत्तर चुकलं तरी विचारा, बरोबर आलं तरी विचारा, "कसं केलंस, ते सांग." आणि मूल सांगू लागलं की मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका.