माउस कुणाच्या हाती?



येत्या शनिवारी आमच्या शाळेत मुलांच्या संगणक मंडळाची पहिली बैठक आहे. ‘कोडिंग क्लब’ हे त्याचं आजकालचं नाव. कोडिंग म्हणजे संगणकाला समजेल अशा भाषेत त्याला क्रमवार सूचना देणं. मी विज्ञान शिकवते, संगणकतज्ज्ञ नाही. पण हा पहिला तास कसा असावा, यावर गेला महिनाभर विचार केला, तो तुमच्यापुढे मांडते. कारण मंडळ टिकणार की चार शनिवारांत विरून जाणार, हे बरंचसं पहिल्याच तासात ठरतं.

कल्पना तशी जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. संगणकाने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावं, असं पेपर्ट यांचं म्हणणं. त्याच परंपरेतलं ‘स्क्रॅच’ एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली खुलं केलं. त्यात सूचना टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की पडद्यावरचं मांजर चालू लागतं. ते मोफत आहे आणि एकदा संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटवाचूनही चालतं. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आहे.

आता आमची अडचण. चालू स्थितीतले संगणक दहा आणि नावं आली एकतीस. त्यांत मुली बारा. ‘शिष्यवृत्तीत आलेली मुलं घ्या, म्हणजे शाळेचं नाव होईल,’ असं काही जणांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. ज्याच्या घरी संगणक आहे, शिकवणी आहे, त्याचं आमच्या मंडळावाचून फारसं अडत नाही. ज्या मुलीने माउसला कधी हातच लावलेला नाही, तिला ही खोली सोडून दुसरी जागा नाही. म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. मुलींच्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या, प्रत्येकी दहा. उरलेल्या अकरा जणांची तुकडी दिवाळीनंतर सुरू होईल आणि तसं त्यांना आजच सांगितलं आहे.

वेळ सव्वाअकरा ते सव्वाबारा. शनिवारची सकाळची शाळा सुटते, मुलं खिचडी खातात आणि वाडीवस्तीवरच्यांना साडेबाराची एसटी गाठायची असते. तेव्हा तास म्हणजे साठच मिनिटं. लांबवायची सोय नाही.

पहिली वीस मिनिटं संगणक बंद. मी यंत्रमानव होणार. दारापासून टेबलापर्यंत जाऊन तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायचं, यासाठीच्या सूचना मुलांनी कागदावर लिहायच्या. मी त्या शब्दशः पाळायच्या. ‘चार पावलं चाला’ म्हटलं आणि टेबल सहा पावलांवर असेल, तर मी मध्येच थांबणार. ‘पाणी ओता’ म्हटलं आणि तांब्या उचलायला सांगितलंच नसेल, तर नुसती उभी राहणार. मुलं हसतील, मग कागद दुरुस्त करतील. आपल्या मनात काय होतं हे यंत्राला कळत नाही, आपण काय सांगितलं तेवढंच कळतं, ही गोष्ट मग व्याख्यान न देताही पोचते.

इथेच मी त्यांना एक खरी हकिकत सांगणार आहे. १९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘मार्क टू’ या यंत्रात बिघाड झाला. शोधल्यावर आत एक पतंग अडकलेला सापडला. तो तिथल्या मंडळींनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत अभियंत्यांत आधीपासून होती. इथे तर खराच किडा मिळाला! आमच्या खोलीतही एक मोठा कागद भिंतीवर लावणार आहोत. ज्याला चूक सापडेल त्याने ती तिथे लिहायची. लाल शाईला घाबरणाऱ्या मुलांना ‘चूक सापडली’ हे अभिमानाने सांगता आलं पाहिजे.

पुढची तीस मिनिटं संगणकावर. एका संगणकावर दोघं. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याने पुढचा ठोकळा कोणता ते सांगायचं. दर सात मिनिटांनी घंटा आणि जागांची अदलाबदल. हा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं पाहते आहे, परीक्षानळी मुलाच्या हातात असते आणि निरीक्षणं लिहायला मुलगी. कुणी मुद्दाम करत नाही, होऊन जातं. ज्याला थोडं येतं तो माउस धरतो, दुसरी मागे उभी राहून बघते आणि तिसऱ्या आठवड्यापासून ती येत नाही. घंटेने हे टळावं, अशी माझी अपेक्षा आहे.

काम एकच. मांजराने पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जावं आणि आपलं नाव सांगावं. ज्यांचं लवकर होईल त्यांनी मांजराला परत फिरवावं. शेवटची दहा मिनिटं एकमेकांचं काम बघायला.

आणि वीज गेली तर? त्याचीही तयारी आहे. पाच पुठ्ठे घ्यायचे, त्यांवर एक, दोन, चार, आठ आणि सोळा ठिपके काढायचे. पाच मुलांनी एकेक पुठ्ठा धरायचा, हवा तर ठिपके दाखवायचे, नको तर उलटा करायचा. शून्यापासून एकतीसपर्यंतची कोणतीही संख्या अशी तयार होते. संगणक आकडे असेच, केवळ ‘आहे’ आणि ‘नाही’ यांवर सांभाळतो. न्यूझीलंडमधल्या ‘सीएस अनप्लग्ड’ या उपक्रमाने असे खेळ जगभर पोचवले आहेत. वीज आली तरी हा खेळ दुसऱ्या शनिवारी घेणारच आहे.

पालकांना एक विनंती. करोनाच्या काळात, २०२० साली, सहा-सात वर्षांच्या मुलांनी कोडिंग शिकून लाखो रुपये कमावण्याची स्वप्नं दाखवणाऱ्या जाहिराती आपण पाहिल्या. आमच्याकडे तसं काही मिळणार नाही, प्रमाणपत्रही नाही. शनिवारी मूल घरी आलं की ‘काय शिकलास?’ असं विचारू नका. ‘आज कुठे चुकलं आणि मग कसं जमवलं?’ असं विचारा आणि ते सांगेल तेवढं ऐकून घ्या.