एका पगाराचे घर



सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले: एक उपभोगाला, दोन उद्योगाला, चौथा संकटासाठी. एका पगाराच्या घरात मुलांचे शिक्षण हाच आम्ही उद्योग मानतो. चौथा भाग मात्र पगाराच्याच दिवशी आवर्त ठेवीत टाकावा. महिनाअखेरीस काही उरत नसते.

१९२० ते १९२३ बाबासाहेब लंडनला असताना मुंबईचा संसार माता रमाईने ओढला. आजही वीजबिल १०० युनिटांपुढे गेले की दर चढतो, हे घर सांभाळणाऱ्या भगिनीलाच आधी कळते. मग पासबुकावर एकट्या पुरुषाचे नाव का? काउंटरवर आम्ही पाहतो, पती गेल्यावर ती दाखल्यांसाठी हेलपाटे घालते. 'दोघांपैकी एक किंवा हयात' असे संयुक्त खाते असले, तर वारस दाखल्याशिवाय तिला पैसे काढता येतात. तेव्हा याच आठवड्यात दोघांनी मिळून बँकेत जावे.