खेळातून माग : श्वानशिक्षणातील एक विचार



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावर साहित्य-संगीताचे विषय सोडून आम्ही श्वानाविषयी बोलणार, हे ऐकून काहींना नवल वाटेल. परंतु आपण ग्वाल्हेरनिवासी मराठी माणसे. झाशीच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की टेकनपूर लागते. तेथे सीमा सुरक्षा दलाचे श्वानप्रशिक्षण १९७० पासून चालू आहे. तेव्हा हा विषय आपल्या अंगणातलाच म्हणावयाचा.

माग काढणे श्वानास शिकवावे लागत नाही. वास घेण्याची शक्ती त्याला निसर्गानेच दिलेली आहे. मनुष्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५०-६० लाख, तर श्वानाच्या नाकात त्या २० कोटींच्या घरात असतात. शिकवावयाचे असते ते इतकेच की, आम्ही सांगू तोच वास धरावा आणि कंटाळा आला, ऊन लागले, वाटेत मांजर आडवे गेले, तरी तो सोडू नये. हे नाकाचे काम नव्हे, मनाचे आहे. त्याला ओढ लागते आणि ती ओढ खेळातून निर्माण होते.

पिल्लू दोन महिन्यांचे झाले की चिंधीला दोरी बांधून ती त्याच्यासमोरून पळवावी. चिंधी त्याच्या तोंडाशी नेऊ नये, कारण पळणाऱ्या वस्तूचाच पाठलाग होतो. त्याने ती पकडली की थोडी ओढाताण करून त्याला जिंकू द्यावे. आणि मुख्य म्हणजे, त्याचे मन भरण्यापूर्वीच खेळ थांबवावा. खेळणे दिवसभर अंगणात पडून असेल तर त्याचे मोल राहत नाही.

पुढची पायरी लपाछपीची. एकाने पिल्लू धरून ठेवावे, दुसऱ्याने चेंडू दाखवीत पळत जाऊन झुडपामागे लपावे. पिल्लू सोडले की प्रथम ते डोळ्यांनी शोधते. डोळे थकले की नाक आपोआप जमिनीला लागते. शिक्षकाने त्या क्षणी मध्ये बोलू नये.

यानंतर प्रत्यक्ष पाऊलवाट. सकाळी, गवतात ओल असताना, वारा पाठीमागून घेऊन, जवळजवळ पावले टाकीत सरळ चालावे. समोरून वारा असला तर श्वान मान वर करून हवेतलाच वास घेतो. तुडविलेले गवत, उकरली गेलेली माती आणि माणसाच्या अंगावरून गळणारे त्वचेचे सूक्ष्म कण यांचा मिळून तो माग बनतो. आरंभी पावलापावलांत खाद्याचा लहानसा तुकडा ठेवावा आणि शेवटी खेळणे. याचे कारण असे की, केवळ खेळाच्या उत्साहात श्वान धावत सुटतो व माग हुकतो, खाद्यामुळे त्याची चाल संथ होते. पुढे तुकडे विरळ करावे, मग अंतर वाढवावे, मग वळणे घालावी, मग माग तासभर जुना होऊ द्यावा. एका वेळी एकच अडचण वाढवावी, हा नियम.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? दरडावून काम होत नाही काय? होते, पण त्याचे मोल दुसऱ्याच कोणाला तरी द्यावे लागते. धाकाने शिकलेला श्वान वासाकडे नव्हे, मालकाच्या चेहऱ्याकडे पाहतो. माग हरपला तर ‘नाही’ म्हणण्याची त्याची छाती होत नाही. मग तो समोरच्या रांगेतील कोणापाशी तरी जाऊन उभा राहतो. तो मनुष्य निरपराध असला तर? म्हणूनच अधूनमधून रांगेत मूळ मनुष्य मुळीच ठेवू नये, आणि श्वान कोणापाशीही न थांबता परतला तर त्याचे खेळणे त्याला द्यावे. ‘सापडले नाही’ हेही खरे उत्तर आहे, हे त्याला कळले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या एका निकालात अशा पुराव्यातील उणिवा दाखविल्या आहेत : श्वान चुकू शकतो, त्याचा शिक्षक चुकू शकतो, त्याच्या वागण्याचा अर्थही चुकीचा लावला जाऊ शकतो. माग हा तपासाला दिशा देतो, निवाडा देत नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, त्यामागेही मुलाच्या स्वाभाविक ओढीवरील विश्वासच होता. मूल आणि श्वान यांची तुलना आम्ही करीत नाही, परंतु शिकविणाऱ्याचा धर्म दोन्हीकडे एकच. घरापासून दूर वाढणाऱ्या आपल्या मुलांना आपण मराठी शिकवितो, तेव्हा ती चुकांच्या भीतीने गप्प बसतात की खेळता खेळता बोलू लागतात, हे आपणच पाहावयाचे आहे.