आमच्या देवघरातला शाळिग्राम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी दरवर्षी चहाच्या बाजूला असते. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवी. तेव्हा विद्वत्तेचे काही ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका. आमच्या घरात जे घडले आणि त्यातून मला जे समजले, तेवढेच सांगते.

माझे माहेर जळगाव, सासर धुळे. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. पण समुद्र तर जन्मापासून घरातच होता! देवघरात शंख, देवीच्या आराधिणींच्या गळ्यात कवड्यांची माळ, नथीत मोती, अंगठीत पोवळे. हे सारे समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांनी घडवलेले. शाळिग्रामही त्यांतलाच, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

आमचा शाळिग्राम सासऱ्यांच्या आजोबांनी काशीयात्रेहून आणलेला. मी नवी आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावले की, देव घासायचे, पण शाळिग्रामाला बाईमाणसाने शिवायचे नाही. चोवीस वर्षे मी टाक, घंटा, समया चिंचेने घासल्या, पण त्या वाटीला हात लावला नाही. पुढे सासरे गेले. यजमानांची नोकरी फिरतीची. मग शाळिग्राम आठ-आठ दिवस पाण्यावाचून राहू लागला. ते मनाला लागे, पण बोलायचे कोणी?

गेल्या कार्तिकात तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी देवघर पुसताना माझ्या कोपराचा धक्का लागून वाटी कलंडली. शाळिग्राम फरशीवर पडला आणि त्याचा एक टवका उडाला. मी भीतीने गार झाले. शिवायचे नाही हेही विसरून उचलला, तर आत चकलीसारखे वेटोळे, त्यावर बारीक बारीक कंगोरे. नणंदेचा मुलगा पुण्याला भूगर्भशास्त्र शिकतो, तो सुटीत आलेला होता. म्हणाला, "मामी, हा अमोनाइट. गोगलगाईचा लांबचा नातलग, पंधरा-एक कोटी वर्षांपूर्वीचा."

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "देव शे तो, गोगलगाय नही शे!" आणि दोन दिवस आमच्या दोघांशी बोलल्या नाहीत.

त्या दोन दिवसांत मी भाच्याला प्रश्न विचारून विचारून हैराण केले. पुढे त्याने पाठवलेली पुस्तके दुपारच्या वेळी अडखळत वाचली.

शाळिग्राम मिळतात नेपाळात, मुक्तिनाथाच्या बाजूला, काली गंडकीच्या पात्रात. मुक्तिनाथ बारा हजार फुटांहून उंच. तिथे समुद्राचा प्राणी कसा? तर पूर्वी हिंदुस्थान आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी उत्तरेला जाऊन धडकली आणि त्या समुद्राचा तळच हिमालय होऊन वर आला. तळाच्या काळ्या चिखलात मेलेले प्राणी रुतलेले होते. लाडू वळताना बेदाणा मधोमध राहावा, तसा प्राण्याच्या शंखाभोवती चिखल घट्ट होऊन गोटा झाला. नदी डोंगर कापते आणि हे गोटे बाहेर काढते. काहींत सोन्यासारखी चमक असते, ती लोखंड आणि गंधक यांच्या खनिजाची. वज्रकीट नावाच्या किड्याने हे चक्र कोरले, असे जुनी माणसे सांगत. म्हणजे आत जीव होता हे त्यांनीही ओळखले होते. फक्त त्याने ते कोरले नाही, ते त्याचे स्वतःचे घरच होते.

आणि घर काय नामी! शंखाच्या आत पडदे घालून खोल्या पाडलेल्या. प्राणी वाढला की पुढे सरकायचा आणि मागे पडदा घालायचा. राहायचा सर्वांत पुढच्या खोलीत. मागच्या खोल्यांतून एक बारीक नळी जायची, तिच्यातून पाणी ओढून घेतले की त्या हलक्या होत आणि प्राणी तरंगे. कोकणच्या बाजारात माकूळ मिळतो, तो याचा जवळचा भाऊबंद.

२० कोटी १० लाख वर्षांपूर्वी ज्युरासिक काळ सुरू झाला, तेव्हा हे कूळ बुडायच्याच बेताला आले होते. प्रचंड ज्वालामुखी फुटून समुद्रातले जीव भराभर मेले होते. अमोनाइटांच्या दोन-चार शाखा काय त्या वाचल्या. पण तेवढ्या बियाण्यातून पुन्हा शेकडो जाती झाल्या. कोणी चपटे, कोणी फुगीर, कोणी गाडीच्या चाकाएवढे. एकेक जात फार टिकत नसे, साधारण दहा लाख वर्षांत बदलून जाई. आपण स्टीलच्या भांड्यावर नाव आणि तारीख घालून घेतो ना, तसे खडकाच्या थरावर अमोनाइट ही तारीखच आहे.

हा बदल थराथराने होतो हे दाखवणारांत वागेन नावाचे एक जर्मन गृहस्थ होते. १८६९ साली त्यांनी एकाच अमोनाइटाचे रूप खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत हळूहळू कसे पालटते ते मांडले. पुढे ते हिंदुस्थानात आले आणि कच्छातल्या ज्युरासिक अमोनाइटांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. इकडची हवा त्यांना सोसली नाही, प्रकृतीमुळे १८७५ साली नोकरी सोडावी लागली.

ज्युरासिक समुद्रात दुसरीही गडबड चालली होती. खेकडे पहिल्यांदा दिसू लागले ते याच काळात. शंख-शिंपले फोडून खाणारे वाढू लागले, तसे काही शिंपले चिखलात खोल शिरून राहू लागले, कोणाचे कवच जाड झाले. याचा विचार १९७७ साली नीट मांडला तो गीरात व्हर्मे यांनी. हे तिसऱ्या वर्षापासून आंधळे. शंखावरून बोटे फिरवून ते वाचतात, कुठे फुटला, कुठे सांधला गेला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

आता कोणी म्हणेल, आमच्या लळिंगचाही दगड काळाच, त्यात का नाही? आपला दगड लाव्ह्याचा. साक्री-नंदुरबारकडे डोंगरांतून कोसच्या कोस दगडी भिंती गेलेल्या दिसतात ना, त्या भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्याच. हा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिला आणि गंमत अशी की, शेवटचे अमोनाइट मेले तेही त्याच सुमारास. मेक्सिकोजवळ मोठी उल्का पडली, तिने घात केला म्हणतात. नॉटिलस नावाचा एक चुलत-चुलता तेवढा आजही समुद्रात आहे. म्हणजे आमच्या जोत्याच्या दगडापेक्षा वाटीतला शाळिग्राम दुपटीहून जुना!

तर सासूबाईंचे सांगायचे राहिले. त्यांनी गुरुजींना विचारून घेतले. ते म्हणाले की, शाळिग्राम भंगला तरी टाकायचा नसतो. पण रोज पाणी घालायचे कोणी, हा प्रश्न होताच. सासूबाईंना आता जवळजवळ दिसत नाही. एका दुपारी मी व्हर्मे यांची हकीकत त्यांना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने हात पुढे केला आणि म्हणाल्या, "दे आठे."

मी शाळिग्राम त्यांच्या तळहातावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो धरला होता. अंगठ्याने कंगोरे चाचपत कितीतरी वेळ बसल्या. मग विचारले, "याना घरमा कितल्या खोल्या शेतस?"

मला मोजता आल्या नाहीत. अर्धा अजून दगडात आहे.

तेव्हापासून त्याला रोज पाणी मी घालते. यजमान एकदा पाहत उभे राहिले आणि आपला पाट घेऊन जेवायला बसले. तुमच्यापैकी काहींना हे रुचणार नाही, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पाहायचा असेल त्यांनी सकाळी आठच्या आत यावे, पूजेची वेळ तीच. उडालेला टवकाही मी वेगळा जपून ठेवला आहे.